जुन्या बांधावर भिंत चढवण्याआधी

तुमचा प्रश्न असा आहे: नदीकाठच्या जुन्या मातीच्या बांधावर दीड मीटर काँक्रीटची भिंत चढवली, तर २०१९ सारखा पूर आला तरी शहर वाचेल का? मातीच्या बांधांच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. उंची सगळ्यात शेवटी ठरवा. आधी बांधाच्या पोटात आणि बांधाखाली काय आहे ते तपासा.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये निचऱ्याच्या कालव्यांवर हेच केलं होतं. मातीच्या बांधात शीट पाइल (एकमेकांत अडकणारे पोलादी पत्रे) ठोकून त्यावर काँक्रीटची भिंत. २९ ऑगस्ट २००५ ला, कतरिना वादळात, सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालव्याचं पाणी भिंतीच्या माथ्याला पोचलंही नव्हतं, तरी भिंत गेली. दाबाने ती शहराकडे जराशी कलली, कालव्याच्या बाजूने भिंत आणि माती यांच्यात फट पडली, फटीत पाणी शिरलं आणि खालच्या मऊ चिकणमातीवरून बांधाचा अख्खा तुकडा सरकला. लंडन अव्हेन्यू कालव्याखाली वाळू होती, तिथे पाणी भिंतीखालून झिरपत पलीकडे निघालं. शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. या दोन्ही ठिकाणी उंची कमी पडली नव्हती, पाया कमी पडला.

म्हणून माथ्यावर आणि दोन्ही पायथ्यांशी बोअर (मातीचे नमुने काढायला खोल छिद्रं) घेतल्याशिवाय कुणी नकाशा दाखवला तर मान डोलावू नका. आपल्याकडे तर काळी माती. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि पहिलं पाणी तिथूनच वाट काढतं. धरणात ती हार्टिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या गाभ्याला, आत ठेवून बाहेरून मुरमाचं केसिंग, म्हणजे आवरण, देतात ते काही उगाच नाही. पुरात शहराकडच्या पायथ्याशी गढूळ पाणी येताना कुणी पाहिलं असेल, तर ती जागा आधी नोंदवा. तिथे आतली माती वाहून चालली आहे. अशा जागी पाणी न झिरपणाऱ्या थरापर्यंत कट-ऑफ भिंत (जमिनीखालून जाणारं पाणी अडवणारी भिंत) न्यावी लागते, किंवा पायथ्याशी फिल्टर (पाणी जाऊ देणारा पण माती अडवणारा वाळू-खडीचा थर) घालून मातीचा रुंद भराव द्यावा लागतो. पूर झपाट्याने ओसरला की नदीकडचा उतारही घसरतो, कारण माती अजून पाणी धरून असते.

दुसरी गोष्ट नाल्यांची, आणि ती हमखास विसरली जाते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या सखल वस्त्यांत ते त्याच्या खूप आधी शिरतं, आणि नाल्यांतून मागे फुगूनही येतं. प्रत्येक नाल्याच्या तोंडाला दार हवं. दार लावलं की शहरात पडलेला पाऊस आत अडकतो, म्हणजे पंपही हवेत, आणि वीज गेल्यावर चालणारे हवेत. न्यू ऑर्लिन्सने कालव्यांच्या तोंडाशी दारं आणि कायमचे पंप बसवले, ते काम २०१८ पर्यंत चाललं.

समोरच्या काठाचंही बघा, अडवलेलं पाणी तिकडे चढतं. नेदरलँड्समधल्या नायमेखेनला वाल नदीचा बांध उंच करण्याऐवजी ३५० मीटर मागे नेला आणि नदीला नवा प्रवाह खोदून दिला. पूरपातळी सुमारे ३५ सेंटिमीटरने उतरली. त्यासाठी पन्नासेक घरं पाडावी लागली, हे दुःख मोठंच. तुमच्याकडे निळ्या रेषेच्या (नदीलगतच्या पूररेषेच्या) आत अजून मोकळी जमीन असेल तर ती जिवापाड जपा.

जनसुनावणीत तीन कागद मागा: बोअरचे अहवाल, नाल्यांची दारं आणि पंप धरलेलं अंदाजपत्रक, समोरच्या काठावर पाणी किती वाढेल त्याचा हिशेब. पहिला कागद नसेल तर हरकत लेखीच नोंदवा आणि पोच घ्या.