आठ महिन्यांच्या बाळाला ताप आहे, सर्दी-खोकला नाही. डॉक्टरांनी लघवी तपासायला का सांगितली असेल?

कारण एवढ्या लहान बाळाला 'शू करताना जळजळतंय' हे सांगता येत नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गात कधी कधी नुसता ताप हेच लक्षण असतं. तो अंगावर काढला तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

खरी कटकट नमुना घेण्याची. शू गोळा करायला बाळाला चिकटवायच्या पिशवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात, त्यामुळे तिच्यातल्या नमुन्याच्या कल्चरवर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) फारसा भरवसा नको. जागा पाण्याने धुवा, बाळ शू करताना मधली धार निर्जंतुक डबीत धरा. (ओटीपोटावर गार पाण्याचा बोळा फिरवला की बरीच बाळं लवकर करतात!) डबी लगेच लॅबमध्ये द्या, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

नमुना शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधीच घ्या. कल्चरला साधारण 2 दिवस लागतात.