माझे गाव धुळे. आजोबांचे खरेदीखत मोडी लिपीत आहे. पंचावन्नाव्या वर्षी ही लिपी वाचायला शिकता येईल का?

होय, आजोबांचे मोडीतले खरेदीखत आपण या वयातही वाचायला शिकू शकाल. विशी उलटली की मेंदू घट्ट होतो, ही समजूत आता टिकलेली नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रौढांच्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागाच्या) मागच्या बाजूचे करडे द्रव्य (चेतापेशींचा भाग) वाढलेले स्कॅनमध्ये दिसले, अनुत्तीर्णांत मात्र नाही. साठीच्या आसपासच्या व्यक्तींना तीन महिने एकाच वेळी तीन चेंडू हवेत उडवून झेलत राहायला शिकवले तेव्हाही मेंदूत अशीच वाढ आढळली. पण तरुणांच्या मानाने फार थोड्यांना ते नीट साधले, आणि सराव थांबताच वाढ ओसरली. म्हणजे वेग कमी राहील आणि खंड परवडणार नाही, एवढे धरूनच चालावे. मोडीत आधी सलग रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. त्यामुळे सुरुवातीला ओळ कुठे तोडायची हेच कळत नाही. रोज अर्धा तास दोनच ओळी देवनागरीत उतरवाव्यात. आपण धुळ्याचेच असल्याने तिथल्या राजवाडे संशोधन मंडळ या इतिहाससंस्थेतील जुने कागद पाहून येणेही सोयीचे आहे. नव्या भाषेचे उच्चार या वयात अवघड जातात, पण लिपीला ती अडचण नाही.