‘पोरांची मारामारी’ अशी नोंद झाली, तर पुढे काय?

प्रश्न : मी वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात राहते. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मी टांझानियाहून शिकायला आलेल्या दोन विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या आहेत. गेल्या महिन्यात चहाच्या लारीजवळ सहा-सात जणांनी त्यांच्यापैकी एकाला, रंगावरून आणि देशावरून शिव्या देत, इतके मारले की त्याच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. अजूनही तो डाव्या हातात चमचा धरून वरणभात जेवतो. चौकीवर गुन्हा नोंदवून घेतला नाही. ‘जाणवाजोग’ (गुन्हा न नोंदवता केलेली नुसती माहितीची नोंद) लिहून घेतले आणि ‘पोरांची मारामारी आहे, मिटवून टाका’ असे सांगितले. व्हिसाला धोका होईल म्हणून मुलगा पुढे जायला घाबरतो, आणि शेजारी मला खोल्या रिकाम्या करून घ्यायला सांगतात. वरिष्ठांना लिहायचे, तर काय लिहावे?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : आपण लिहावेच, आणि लवकर लिहावे. मारहाण करणारे त्याला काय म्हणाले, हे शब्द अर्जात जसेच्या तसे, शिव्यांसह, आले पाहिजेत. ते उच्चारायला आपल्याला संकोच वाटेल, तरीही त्यांना सभ्य रूप देऊ नये. ‘पोरांची मारामारी’ आणि वंशद्वेषातून केलेला हल्ला यांतला फरक याच शब्दांत आहे, आणि तो कायद्यातही आहे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 117(4) प्रमाणे पाच किंवा अधिक जणांच्या गटाने वंश, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून एखाद्याला गंभीर दुखापत केली, तर त्या गटातील प्रत्येकाला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हाड मोडणे ही गंभीर दुखापतच आहे. म्हणून हल्लेखोर किती होते, हेही स्पष्ट लिहावे.

असा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी स्वतःहून तपास करायचा, असल्याने तो नोंदवणे पोलिसांच्या मर्जीवर नाही. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्येच तसे सांगितले आहे. चौकीने नकार दिल्यास फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार तक्रारीचा मजकूर टपालाने वरिष्ठांना पाठवता येतो आणि त्यानेही काम झाले नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. वडोदरा शहरात आयुक्तालय असल्याने पत्र पोलीस आयुक्तांच्या नावे, रजिस्टर्ड टपालाने जावे. जमावाच्या हिंसेवर नजर ठेवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांना बजावले होते. पत्राची एक प्रत त्या अधिकाऱ्यासाठीही जोडावी.

मागण्या मोजक्या ठेवाव्यात : कलम 117(4) सह गुन्हा नोंदवावा, एफआयआरची मोफत प्रत द्यावी आणि लारीच्या आसपासच्या दुकानांचे सीसीटीव्ही चित्रण ताब्यात घ्यावे. शेवटच्या मागणीसाठी मात्र पत्राच्या उत्तराची वाट पाहू नये. हे चित्रण काही दिवसांत पुसले जाते. एव्हाना महिना उलटला आहे, म्हणून दुकानदारांकडे आजच चौकशी करावी. रुग्णालयातील एमएलसीचा (पोलीस प्रकरणातील वैद्यकीय नोंदीचा) कागद आणि एक्स-रे यांच्या प्रती सोबत लावाव्यात.

मुलाची भीती मी समजू शकतो. त्याला एवढे सांगावे की राज्यघटनेची कलमे 14 आणि 21 ‘नागरिक’ म्हणत नाहीत, ‘व्यक्ती’ म्हणतात. चकमा निर्वासितांच्या खटल्यात 1996 मध्ये न्यायालयाने हेच बजावले : माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जीविताचे रक्षण करणे राज्याला बंधनकारक आहे. मार खाणे आणि त्याची तक्रार करणे हा त्याचा अपराध नाही.

अधिकाऱ्यांच्या मागे इतके का लागावे लागते, याचे एक कारण कायद्यातल्या उणिवेत आहे. दिल्लीत ईशान्येकडील विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाल्यावर बेझबरुआ समितीने 2014 मध्ये वंशद्वेषी अपमानासाठी स्वतंत्र कलम सुचवले होते. नव्या संहितेतही ते आलेले नाही. मारणारे चारच असते, तर हे 117(4) सुद्धा लागू झाले नसते. आपल्या खासदारांना ही उणीव कळवणारे दोन ओळींचे पत्र वेगळे लिहिल्यास मला आनंद होईल.

आता शेजाऱ्यांविषयी. 1917 मध्ये बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी याच शहरात आले, तेव्हा ते उतरले होते त्या पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. ओळखीच्यांनीही घरी ठेवून घेण्याचे टाळले, आणि ते कमाटीबागेत एका झाडाखाली बसून राहिले. त्यांना शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठवणारे खुद्द सयाजीराव महाराज होते, तरीही शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. म्हणून आपण खोल्या रिकाम्या करून घेऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पोलीस मुलाचा जबाब घेतील, तेव्हा तो बहुधा गुजरातीत लिहिला जाईल आणि मुलाला तो वाचता येणार नाही. त्या दिवशी आपण त्याच्यासोबत जावे, सही करण्यापूर्वी संपूर्ण जबाब त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा, आणि शिव्यांचे शब्द त्यात आहेत की नाहीत, ते आपण स्वतः तपासून घ्यावे.