‘सेरूस’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा एका अनुवादिकेची आहे. युरोपातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासावरचा इंग्रजी मजकूर त्या मराठीत आणत आहेत. त्यात ‘व्हेनेशियन सेरूस’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो; ते चेहऱ्याला लावायच्या एका पांढऱ्या लेपाचे नाव आहे. त्यांनी त्यासाठी ‘पांढरे शिसे’ असे लिहिले आणि संपादकांनी ते खोडून ‘पांढरी पावडर’ केले. यातले बरोबर कोणते, की तिसराच शब्द घ्यावा? शेवटी ‘बेलाडोना’ या विषारी वनस्पतीच्या नावाचे काय करावे, असेही त्यांनी विचारले आहे.

माझे मत तिसऱ्या शब्दाला आहे: सफेदा. पहिल्या उल्लेखात ‘शिशाचा सफेदा’ आणि पुढे नुसते ‘सफेदा’.

‘पांढरे शिसे’ हे ‘व्हाइट लेड’ या सेरूसच्याच दुसऱ्या इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर आहे. शिसे पांढरे नसते, करडे असते. त्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे धातूचा एखादा विचित्र प्रकार उभा राहतो. शिसपेन्सिलीमुळे गोंधळात आणखी भर पडते, कारण तिच्यात शिसे नसतेच, ग्राफाइट असते. सेरूस हा धातू नाही. ते शिशाचे कार्बोनेट आहे, म्हणजे शिशापासून बनवलेली पांढरी भुकटी. ती करण्याची कृती ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास थिओफ्रास्टस या ग्रीक विद्वानाने लिहून ठेवली आहे. शिसे व्हिनेगरच्या वाफेवर ठेवायचे, त्यावर पांढरे पुट चढले की ते खरवडायचे, कुटायचे, धुऊन घ्यायचे. पुढे युरोपात शिसे आणि व्हिनेगर घातलेली मडकी शेणखताच्या ढिगात पुरून ठेवत. खताची ऊब आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड यांमुळे काम नीट होई.

‘पांढरी पावडर’ तर मला अजिबात मान्य नाही. ती शंखजिऱ्याची असू शकते, तांदळाच्या पिठाची असू शकते, खडूची असू शकते. या सगळ्या चेहऱ्याला लावल्या गेल्या आहेत आणि त्यांनी शिशासारखी विषबाधा होत नाही. ज्या एका गोष्टीमुळे हा इतिहास सांगण्यासारखा ठरतो, ती गोष्ट म्हणजे शिसे. ‘पांढरी पावडर’ म्हटले की नेमके तेच मजकुरातून नाहीसे होते.

सफेदा हा शब्द फारसीतून आला. त्यातला ‘सफेद’ आणि संस्कृतातला ‘श्वेत’ एकाच मुळाचे आहेत. रंगकामात हा शब्द पांढऱ्या रंगद्रव्यासाठी रुळलेला आहे आणि तो इथे चपखल बसण्याचे कारणही तेच. युरोपात चित्रकार कॅनव्हासवर जे पांढरे वापरत, तेच चेहऱ्यावर लावले जाई. पदार्थ एक आणि त्याचा गुणही एक: पातळ थरातही खालचे सगळे झाकून टाकायचे. देवीचे वण, डाग, लाली, काहीही. खडूला किंवा पिठाला ते जमत नाही. लोक शिशाकडे का वळले आणि शतकानुशतके का टिकून राहिले, याचे उत्तर या झाकण्याच्या ताकदीत आहे.

मात्र ‘शिशाचा’ हे विशेषण पहिल्यांदा तरी हवेच. सफेदा हा शब्द रंग सांगतो, पदार्थ सांगत नाही. जस्ताचाही सफेदा असतो, म्हणजे झिंक ऑक्साइड, आणि तो तुलनेने निरुपद्रवी आहे. जपानी भाषेत हेच घडले आहे. तिथे चेहऱ्याच्या पांढऱ्या लेपाला ‘ओशिरोई’ म्हणतात आणि तो शब्दही ‘शिरोई’ म्हणजे पांढरा यावरूनच आला आहे. शिशाचा असो वा बिनशिशाचा, नाव एकच. १८८७ मध्ये सम्राट मेइजी यांच्यासमोर काबुकी या पारंपरिक जपानी नाटकाचा प्रयोग चालू असताना नाकामुरा फुकुसुके या नटाचे पाय थरथरू लागले. हा शिशाच्या विषबाधेचा परिणाम असल्याचे पुढे आले आणि लोक ‘बिनशिशाचा’ असा भेद करू लागले. १९२३ मध्ये क्योतोचे बालरोगतज्ज्ञ हिराई इकुतारो यांनी तान्ह्या मुलांना होणाऱ्या एका मेंदूच्या आजाराचे मूळ आयांच्या शिसेयुक्त ओशिरोईत असल्याचे दाखवले. मूल आईला बिलगते, अंगावर पिते, तिच्या मानेवरचा लेप त्याच्या तोंडात जातो. ज्या मुलांनी स्वतः काहीच लावले नव्हते, त्यांना ते भोवले. हे वाचले की ‘शिशाचा’ हे विशेषण अनुवादात गाळायचे धाडस होत नाही.

आता एक न विचारलेला मुद्दा, पण माझ्या लेखी नामापेक्षा महत्त्वाचा: क्रियापद. पाठवलेल्या उताऱ्यात एके ठिकाणी ‘सरदारांच्या बायका चेहऱ्यावर सेरूस फासत’ असे वाक्य आहे. आपण राख फासतो, काळे फासतो. फासण्यात विटंबना किंवा किळस येते. ‘थापणे’ आणि ‘चोपडणे’ यांत लावणाऱ्याच्या बेढबपणावर बोट आहे. मूळ इंग्रजीत साधे ‘लावणे’ असेल, तर मराठीत हा तिरस्कार आणण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्या काळातल्या पुरुषांनी या स्त्रियांची पुरेशी टिंगल केली होती, आणि तेच पुरुष नितळ पांढऱ्या कांतीची वाखाणणीही करत होते. ‘लावणे’ किंवा ‘माखणे’ लिहावे. थर जाड असेल तर ‘जाड थर देणे’.

याच कारणाने ‘अज्ञानापोटी’ हा शब्दही जपून वापरावा. सफेदा पोटात गेला की विष आहे, हे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या निकँडर या ग्रीक कवीने विषांवरच्या काव्यात लक्षणांसकट सांगितले आहे. ज्ञान होते. पण कातडीवर लावलेल्या गोष्टीचे नुकसान सावकाश होते. धड त्वचेतून हे शिसे फारसे आत जात नाही. बोटांवरून, ओठांवरून आणि उडालेल्या भुकटीतून ते वर्षानुवर्षे थोडे थोडे जात राहते. रोज दिसणारा फायदा आणि कधीतरी होणारे नुकसान यांच्यात माणसे फायद्याकडे झुकतात. म्हणून ‘माहीत असूनही’ लिहिणेही तितकेच कठोर होईल. मी दोन्ही टाळून नुसती घटना लिहीन.

उताऱ्यातली दोन उदाहरणे तपासून घ्यावीत. एक, इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ. तिला १५६२ मध्ये देवी आल्या होत्या हे खरे. पण ती आयुष्यभर सफेद्याचे जाड थर देत होती, या लोकप्रिय कथेला तिच्या हयातीतला आधार तोकडा आहे. तिथे ‘असे सांगतात’ घालावे. दुसरे, मारिया गनिंग, म्हणजे लेडी कोव्हेंट्री, ही सौंदर्यासाठी गाजलेली सरदारपत्नी. ती १७६० मध्ये अवघ्या २७ व्या वर्षी गेली. तिच्या मृत्यूचा दोष सफेद्याला देतात, तसे क्षयाचे कारणही सांगितले जाते. ‘सफेद्याने तिचा बळी घेतला’ हे वाक्य जोरकस आहे, पण इतक्या ठामपणे लिहू नये.

व्याकरणाचे: सफेदा पुल्लिंगी, ‘पडदा’प्रमाणे चालतो. सफेद्याचा, सफेद्याने. ‘सफेदाचा’ नको. ‘व्हेनेशियन सेरूस’ला ‘व्हेनिसचा सफेदा’ म्हणता येईल. तो त्या काळी उत्तम प्रतीचा समजला जाई, तेवढे एकदा सांगावे. तेव्हा ते वाक्य असे करता येईल: ‘सरदारांच्या बायका चेहऱ्याला व्हेनिसचा सफेदा, म्हणजे शिशापासून केलेली पांढरी भुकटी, लावत.’ कंस नको, तळटीप नको.

राहिला ‘बेलाडोना’. तो तसाच ठेवावा. इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘सुंदर स्त्री’ होतो. त्याचा रस डोळ्यांत घातला की बाहुल्या मोठ्या होतात आणि डोळे टपोरे, काळेभोर दिसतात. सोबत नजर धूसर होते आणि उजेड सहन होत नाही. हे करणारे द्रव्य अ‍ॅट्रोपिन. डोळे तपासताना बाहुली मोठी करण्यासाठी त्याचा किंवा त्याच्या जातकुळीतल्या औषधांचा थेंब आजही घालतात. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ‘अ‍ॅट्रोपा बेलाडोना’ असे ठेवले. अ‍ॅट्रोपॉस ही ग्रीक पुराणातली आयुष्याचा धागा कापणारी देवता. उताऱ्यात ‘धोतऱ्याचा रस’ असा पर्याय सुचवलेला दिसतो, तो काढावा. धोतरा त्याच कुळातला आणि तसाच विषारी असला, तरी झाड वेगळे आहे.