न्यूझीलंडमध्ये २०१९ च्या डिस्ट्रिक्ट हेल्थ बोर्डाच्या निवडणुकीत मिडवाइफ आणि प्रसूतीसेवेच्या बाजूने बोलणाऱ्या उमेदवारांना मत द्यावं का?

(हे उत्तर २०१९ च्या निवडणुकीच्या वेळचं आहे. जुलै २०२२ मध्ये ही बोर्डंच बंद झाली, त्यामुळे खालच्या तारखा, नियम आणि परिस्थिती २०१९ ची समजा.)

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी नाशिकहून न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, साउथलँडला आलात, आता रेसिडेन्सी झाली आहे आणि या आठवड्यात मतपत्रिकेचं जाड पाकीट घरी आलंय. हेल्थ बोर्ड, म्हणजे आपल्या भागातली सरकारी हॉस्पिटलं आणि आरोग्यसेवा चालवणारं मंडळ, त्याच्या यादीतलं एकही नाव ओळखीचं नाही. बायकोला सहावा महिना आहे. दोन-तीन उमेदवारांनी आपल्या परिचयात मिडवाइफ आणि ग्रामीण प्रसूतीसेवेचा मुद्दा मांडलाय, तर एवढ्या एका मुद्द्यावर मत द्यावं का आणि त्याने होणार काय, असं तुम्ही विचारताय.

द्यावं. मी देणार आहे. का, ते जरा सविस्तर सांगते.

मी मूळची गडहिंग्लजची. नवरा डेअरी फार्मवर आहे, घर लम्सडेन या साउथलँडमधल्या छोट्या गावापासून गाडीने वीस मिनिटांवर. थोरली मुलगी २०१६ च्या ऑगस्टमध्ये लम्सडेनच्या मॅटर्निटी सेंटरला झाली. इथे ऑगस्ट म्हणजे गायी विण्याचा हंगाम. नवरा रात्री दोनला उठून गोठणीवर चक्कर मारायचा आणि पहाटे रस्त्यावर दिसेल-न दिसेल असा बर्फाचा पातळ थर असायचा. मला कळा सुरू झाल्या तेव्हा तो हातमोज्यांसकट गाडीत बसला. वीस मिनिटं. तेवढ्यात पोचलो. हाच रस्ता पुढे साउथलँडच्या मुख्य शहरापर्यंत, इन्व्हरकार्गिलपर्यंत धरला असता तर लम्सडेनपासून आणखी ऐंशी किलोमीटर होते.

आई तेव्हा बाळंतपणासाठी आली होती. तिचा पहिला प्रश्न, "डॉक्टर कधी येणार?" मी सांगितलं, सगळं नीट असेल तर डॉक्टर येणारच नाहीत, मिडवाइफच बाळंतपण करेल. आईचं तोंड उतरलं. तिच्या डोक्यात मिडवाइफ म्हणजे सुईण, आणि लेकीला एवढं शिकवून परदेशी पाठवलं ती काय सुईणीच्या हाती द्यायला? या मिडवाइफ विद्यापीठाची पदवी घेतलेल्या असतात, त्यांचं रीतसर रजिस्ट्रेशन असतं, औषधं लिहून देता येतात, गरज पडली तर त्याच स्पेशालिस्टकडे पाठवतात, हे मी तिला तीनदा सांगितलं. पटलं नाही.

पटलं ते घरी आल्यावर. पाचव्या दिवशी मिडवाइफ घरी आली. पिशवीतून एक कापडी झोळी आणि हातात धरायचा काटा काढला, बाळाला झोळीत घातलं, काटा वर उचलला आणि माझी मुलगी हवेत लोंबकळायला लागली. आई धावत पुढे झाली आणि तिने खाली पदर पसरला. मिडवाइफ हसली, पण काटा खाली केला नाही. आकडा वाचला, वहीत लिहिला आणि मग बाळ आईच्याच पदरात ठेवलं. त्यानंतर ती माझ्याजवळ बसली. दूध नीट उतरतंय का, टाके दुखतात का, झोप होते का, रडू येतं का, सगळं विचारलं. तासभर. त्या रात्री आई म्हणाली, "आमच्या गल्लीतली सुईण अशीच बाळ हातात तोलून वजन सांगायची. ती गेल्यावर बाळंतिणीपाशी एवढा वेळ कुणी बसलेलं मी बघितलं नाही." सहा आठवडे ती मिडवाइफ येत राहिली आणि आम्हाला एक डॉलर द्यावा लागला नाही.

ही व्यवस्था आपोआप उगवलेली नाही. १९९० पर्यंत इथे प्रत्येक बाळंतपणाची जबाबदारी डॉक्टरवरच असायला हवी, असा कायदा होता. बायकांनी आणि मिडवाइफनी एकत्र येऊन तो बदलायला लावला. तेव्हा आरोग्यमंत्री हेलन क्लार्क होत्या, ज्या पुढे पंतप्रधान झाल्या. त्यानंतर मिडवाइफला स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपण करता येऊ लागलं. आज बहुतेक बायका 'लीड मॅटर्निटी केअरर', म्हणजे बाळंतपणाची मुख्य जबाबदारी घेणारी व्यक्ती, म्हणून मिडवाइफच निवडतात. तुमच्या बायकोनेही निवडली असेल. नसेल तर आजच फोन करा, कारण आपल्या भागात त्या फार थोड्या उरल्यात आणि सहावा महिना म्हणजे उशीर झालाय.

आता बोर्डाकडे येते, कारण तुमच्या "होणार काय" याचं उत्तर तिथे आहे.

देशात वीस डिस्ट्रिक्ट हेल्थ बोर्डं आहेत. प्रत्येकावर सात जण लोक निवडून देतात आणि मंत्री जास्तीत जास्त चार नेमतात. आपलं सदर्न बोर्ड (साउथलँड आणि शेजारचं ओटागो मिळून) क्षेत्रफळाने सगळ्यात मोठं. पण २०१५ मध्ये तोट्याचं कारण देऊन तेव्हाचे आरोग्यमंत्री जोनाथन कोलमन यांनी हे बोर्डच बरखास्त केलं आणि त्याजागी कमिशनर, म्हणजे सरकारी प्रशासक, नेमले. २०१६ ला बाकी ठिकाणी हेल्थ बोर्डाचं मतदान झालं, आपल्याकडे झालंच नाही. लम्सडेनचं सेंटर बंद करून तिथे नुसतं 'हब' ठेवायचा निर्णय २०१८ मध्ये, या कमिशनरच्या काळातच झाला. आपण निवडून दिलेला एकही माणूस तेव्हा त्या टेबलाशी नव्हता. एप्रिल २०१९ पासून तो अमलात आला.

हब म्हणजे काय, तर तिथे तपासणी होते, मिडवाइफला बसायला जागा आहे, अगदीच अडलं तर तिथे बाळंतपण होऊ शकतं. पण ठरवून तिथे बाळंतपणाला जाता येत नाही आणि बाळ झाल्यावर दोन दिवस तिथे राहता येत नाही. ते दोन दिवस काय असतात हे पहिलटकरणीलाच कळतं. मला त्या खोलीत रात्री तीनला एका नर्सने पाठीला उशी लावून बाळ अंगाशी कसं धरायचं ते दाखवलं होतं. दुधाचं सगळं गणित तिथे सुटलं.

बोर्डाच्या बाजूचंही सांगायला हवं. त्यांचं म्हणणं होतं की सगळा पैसा एकाच सेंटरमध्ये न घालता वानाका, टी आनाऊसारख्या गावांनाही काहीतरी मिळावं. वानाकाच्या बायकांना खरोखरच काही नव्हतं, त्यांची मागणी अगदी रास्त आहे. पण एका गावाची खाट काढून दुसऱ्या गावाला खुर्ची दिली तर बाळंतिणींची एकूण सोय वाढली असं मला वाटत नाही. टी आनाऊची बाई आता कळा देत लम्सडेनच्या दारावरून पुढे जाते, विंटनला नाहीतर गोरला नाहीतर थेट इन्व्हरकार्गिलला.

म्हणून १२ ऑक्टोबर २०१९ ची निवडणूक मला एवढी महत्त्वाची वाटते. सहा वर्षांनी आपल्याला पुन्हा मत मिळालंय. साउथलँडमधून तीन जण जाणार, ओटागोमधून चार. नागरिकत्व नसलं तरी रेसिडेंट म्हणून आपल्याला या देशात मत देता येतं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीतच नसतं! २०१६ ला देशभरात स्थानिक निवडणुकांना निम्म्याहूनही कमी लोकांनी मत दिलं. अशा निवडणुकीत शंभर-दोनशे मतं इकडची तिकडे झाली तर शेवटची जागा बदलते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, नाहीतर तुम्ही चुकीच्या आश्वासनाला भुलाल. गावोगाव फिरणाऱ्या स्वतंत्र मिडवाइफना पैसे बोर्ड देत नाही. ते मंत्रालयाकडून, ठरलेल्या दराने येतात. त्या दरासाठी मिडवाइफची संघटना २०१५ पासून सरकारशी कोर्टापर्यंत जाऊन भांडतेय. त्यामुळे एखादा उमेदवार म्हणाला की "मी निवडून आलो की मिडवाइफचं मानधन वाढवीन", तर त्याला आपलं काम काय हेच कळलेलं नाही. बोर्डाच्या हातात आहे ते हे: कुठलं मॅटर्निटी सेंटर चालू ठेवायचं, हॉस्पिटलात किती मिडवाइफ नेमायच्या, त्यांना कामाची कशी परिस्थिती द्यायची. नोव्हेंबर २०१८ मध्ये हॉस्पिटलांतल्या मिडवाइफनी दोन-दोन तासांचे संप केले ते आठवत असेल. त्या हॉस्पिटलांच्या नोकऱ्या बोर्डांच्या आहेत. शिवाय मुख्य अधिकारी बोर्डच नेमतं. मंत्र्याचं बजेट आणि मंत्र्याचे हुकूम यांच्या आत राहूनच हे सगळं करावं लागतं, हेही खरं. पण त्या आतही कुठे कात्री लावायची हे कुणीतरी ठरवतं, आणि ते ठरवताना खोलीत टी आनाऊचा रस्ता ओळखणारं माणूस असावं.

पाकिटातली पुस्तिका काढा. प्रत्येक उमेदवाराचा दीडशे शब्दांचा परिचय आहे. "माता-बालकांच्या आरोग्यासाठी कटिबद्ध" एवढंच लिहिलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही, ते सगळेच लिहितात. हितसंबंधांचं निवेदनही वाचा, हेल्थ बोर्डाच्या उमेदवारांना ते द्यावंच लागतं. त्यातून माणूस कुठे काम करतो, बोर्डाशी त्याचे काही व्यवहार आहेत का, ते समजतं. मग ज्यांनी प्रसूतीचा मुद्दा काढलाय त्यांना फोन करा किंवा इमेल करा. इथे उमेदवाराला थेट विचारायला कुणाची ओळख लागत नाही.

मी दोघांना फोन केला. दोघांनाही एकच विचारलं: जुलैमध्ये रात्री एक वाजता टी आनाऊच्या बाईला कळा सुरू झाल्या आणि डोंगरावर ढग असल्यामुळे हेलिकॉप्टर उडत नाही, तर ती कुठे जाईल, आणि तिच्यासोबत कोण असेल? पहिल्या गृहस्थांनी मला तोट्याचे आकडे सांगितले. आकडे बरोबर होते, पण प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. दुसऱ्या बाईंनी आधी मलाच विचारलं, "तुमच्या मिडवाइफला रजा असेल तेव्हा कोण येतं?" मी म्हटलं, कोणी नाही, ती रजाच घेत नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, म्हणूनच त्या सोडून जातात. त्यांनी कसलंही वचन दिलं नाही. लम्सडेन जसंच्या तसं परत उघडेल असंही म्हणाल्या नाहीत. पण एकटी मिडवाइफ रात्रंदिवस फोनवर अडकलेली असते, त्यातून तिची सुटका कशी करायची, यावर बोर्डाच्या हातातल्या तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या. माझा पहिला क्रमांक त्यांना.

एका मुद्द्यावर मत द्यावं का, ही तुमची शंका मला कळते. बोर्डाकडे म्हाताऱ्या माणसांचं आहे, मानसिक आरोग्याचं आहे, डनीडिनचं नवं हॉस्पिटल आहे. पण या भागात बहुतेक प्रश्न शेवटी अंतरापाशीच येऊन थांबतात. बाळंतिणीला किती किलोमीटर जावं लागतं याचा विचार केलेला माणूस डायलिसिसला जाणाऱ्याचाही करेल, असा माझा अनुभवावरचा अंदाज आहे. आपल्याकडे झेडपीच्या निवडणुकीत माझे मामा रस्ता विचारायचे, गटार विचारायचे. उपकेंद्रात नर्सबाई रात्री मुक्कामी असतात का, हे उमेदवाराला कुणी विचारलेलं मला आठवत नाही. मीही कधी विचारलं नाही. भारत सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफ तयार करण्याचं धोरण जाहीर केलं तेव्हा आईने मला बातमीचं कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, वर लिहिलं होतं, "तुझ्या त्या बाईंना सांग."

आता मत कसं द्यायचं ते, कारण इथे खूप जणांचं चुकतं. एकाच पाकिटात दोन पद्धती आहेत. इथे साउथलँडमध्ये कौन्सिलसाठी, म्हणजे आपल्या झेडपीसारख्या स्थानिक संस्थेसाठी, बरोबरची खूण करायची. हेल्थ बोर्डासाठी खूण करायची नाही, आकडे घालायचे: पहिली पसंती १, मग २, मग ३, हवे तेवढे. खाली कुणाला क्रमांक दिल्याने तुमच्या पहिल्या पसंतीचं नुकसान होत नाही. त्यामुळे प्रसूतीसेवेबद्दल नीट बोलणारे तिघे सापडले तर तिघांनाही ओळीने क्रमांक द्या, एकावरच थांबू नका. नको असलेल्याची जागा कोरी ठेवा.

बायकोच्या नावाचं पाकीट आलं नसेल तर बहुधा तिची नोंदणी झालेली नाही. ती अजून होऊ शकते, आणि ११ तारखेच्या आत नोंदणी केली तर स्पेशल व्होट देता येतं. कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन विचारा, ते तिथेच कागद देतात. मत मोजलं जायचं असेल तर पाकीट १२ ऑक्टोबरला दुपारी बारापर्यंत पोचायला हवं. पोस्टात टाकायचं तर ८ तारखेच्या मंगळवारपर्यंत टाका. तो दिवस चुकला तर पोस्टाच्या भरवशावर राहू नका, स्वतः कौन्सिलच्या पेटीत नेऊन टाका. गायी विण्याच्या हंगामात माझा नवरा फार्म सोडून बाहेर पडत नाही, म्हणून दोघांची पाकिटं मीच सोमवारी नेणार आहे. तुम्ही लम्सडेनच्या बाजूला राहत असाल तर कळवा, तुमचीही नेईन.