आरोग्य प्रश्नोत्तरे : विडी वळणारा अंगठा आणि आखडलेला खांदा

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझी आई (वय ५२) लग्न झाल्यापासून विड्या वळते. गेल्या काही महिन्यांपासून तिच्या उजव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूला, तीव्र कळ येते. कात्री धरवत नाही, कपडे पिळवत नाहीत. एक्स-रेमध्ये काही दोष निघाला नाही आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनीही गुण आला नाही. शेजारी म्हणतात, शीर चढली आहे, चोळून घ्या. डॉक्टरांनी स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले आहे. परंतु आईला मधुमेह असल्याने भीती वाटते. काय करावे?

उत्तर : ताई, आपण केलेल्या वर्णनावरून हा हाडाचा विकार नसून कंडरांचा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचा, विकार असण्याची शक्यता अधिक आहे. एक्स-रेमध्ये प्रामुख्याने हाडे दिसतात, त्यामुळे त्यात काही न आढळणे स्वाभाविकच आहे. अंगठा बाहेर उघडणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात. नेफ्यातून नाडी सरकावी तशा त्या एरवी सहज सरकतात; मात्र तीच हालचाल वर्षानुवर्षे होत राहिली की आवरण जाड होते, वाट अपुरी पडते आणि अंगठा हलवताच कळ उठते. स्विस शल्यविशारद डी क्वेरव्हेन यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या मातांनाही होतो.

चोळून घेणे कृपया टाळावे, कारण आधीच सुजलेल्या आवरणावर जोर दिल्याने दुखणे वाढते. कॅल्शियमचा येथे काही संबंध नाही. पहिला उपचार म्हणजे अंगठा व मनगट दोन्ही स्थिर ठेवणारा पट्टा काही आठवडे वापरणे. केवळ मनगटाला गुंडाळलेल्या क्रेप बँडेजने अंगठा मोकळाच राहतो आणि पट्ट्याचा हेतू साधत नाही. वेदनाशामक गोळ्या मधुमेही व्यक्तीने मूत्रपिंडाची तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

विश्रांतीचा सल्ला देणे आम्हा डॉक्टरांना सोपे जाते. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या घरात ती विश्रांती पगारातून कापली जाते, याचा विचार औषधाच्या चिठ्ठीत क्वचितच होतो. म्हणून काम पूर्ण थांबवता येत नसेल तर निदान त्याची वाटणी बदलावी. पाने कापताना कात्री पुन्हा पुन्हा उघडावी लागते आणि त्या हालचालीत याच कंडरांवर ताण येतो, तेव्हा कापण्याचे काम काही आठवडे घरातील दुसऱ्या कोणी करावे. कपडे पिळणे आणि भरलेली घागर एका हाताने उचलणे हेही तूर्त बंद ठेवावे.

एवढ्याने भागले नाही तर इंजेक्शनला घाबरण्याचे कारण नाही. ते कंडरेच्या आवरणात, अल्प मात्रेत दिले जाते आणि अनेक रुग्णांना एक-दोन इंजेक्शनांत चांगला आराम पडतो. मधुमेह असल्यास त्यानंतर काही दिवस रक्तातील साखर वाढू शकते. म्हणून आधी साखर आटोक्यात आणावी आणि नंतरचा आठवडाभर ती नियमित मोजावी. टोचलेल्या जागी त्वचा थोडी पांढुरकी पडू शकते, हेही आधीच माहीत असलेले बरे. तरीही उपयोग न झाल्यास केवळ हात बधिर करून आवरण मोकळे करण्याची लहान शस्त्रक्रिया करता येते. आपल्याकडील शासकीय रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात आईंना प्रत्यक्ष दाखवावे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असेल तर तेही तेथे आवर्जून सांगावे, कारण ते मनगटातील नस दाबली गेल्याचे लक्षण असू शकते. जागा लाल व गरम होऊन ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : मी टॉवेलच्या यंत्रमागावर काम करतो, वय ४८, मधुमेह आहे. डावा हात खांद्यापासून वर जात नाही आणि पाठीमागेही नेता येत नाही. खांद्याचा स्नायू तुटला असेल का?

उत्तर : एक सोपा फरक पाहावा. घरच्या कोणी आपला हात हलकेच वर उचलला असता तो बराच वर जात असेल, पण आपल्याला स्वतःला उचलवत नसेल, तर कंडरा फाटल्याची शंका घेता येते. दुसऱ्याने उचलूनही तो तेथेच अडत असेल, तर खांद्याच्या सांध्याभोवतीचे आवरण आखडले असण्याची, म्हणजे ज्याला आपण फ्रोझन शोल्डर म्हणतो त्याची, शक्यता अधिक आहे. मधुमेह्यांमध्ये तो विशेषत्वाने आढळतो. बहुतेकांना त्यातून हळूहळू आराम पडतो, मात्र त्यास एक ते तीन वर्षेही लागू शकतात. तोपर्यंत हात गळ्यात बांधून ठेवू नये आणि कोणाकडून झटका देऊन मोकळाही करून घेऊ नये. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून ते सोसवेल एवढेच, परंतु दररोज करावेत आणि साखरेची तपासणी चुकवू नये.