उरलेला टॅग स्वस्त असेल, पण तुमची बचत उरलेली नाही

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ते टेक्सास राज्यात डॅलसजवळ प्लेनो येथे एच-१बी व्हिसावर नोकरी करतात. त्यांचा पगार वर्षाला १,०५,००० डॉलर असून पत्नीला अजून काम करण्याची परवानगी मिळालेली नाही. घरखर्च महिन्याला ५,२०० डॉलर आहे, हाताशी एकूण ११,००० डॉलर आहेत आणि क्रेडिट कार्डावर २४ टक्के व्याजाने ३,८०० डॉलर थकले आहेत. निवृत्तीच्या ४०१(के) खात्यात कंपनी पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत बरोबरीने भर घालते, पण ते स्वतः ३ टक्केच भरतात. कार्यालयातील एका मित्राच्या आग्रहावरून कोलोराडोतील मादी एल्कच्या (एक मोठे हरीण) ‘लेफ्टओव्हर’, म्हणजे सोडतीनंतर उरलेल्या, टॅगसाठी (एक प्राणी मारण्याचा परवाना) त्यांनी ४,८०० डॉलरचा बेत आखला आहे: टॅग व प्रवास १,७००, खासगी जमिनीवर प्रवेशासाठी मालकाला १,५०० आणि रायफल, दुर्बीण, बूट, कपडे मिळून १,६००. वर्षभराचे मांस सुटेल, शिवाय तीन राज्यांत पॉइंट (पुढच्या सोडतींत प्राधान्य देणारे गुण) जमवायला आत्ताच सुरुवात करावी, असे मित्राचे म्हणणे आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय घरखर्चाच्या वहीतून कायमचा गेला. त्यामुळे तुमचे पत्र वाचताना मलाही दोन गोष्टी नव्याने समजून घ्याव्या लागल्या. शिकार करावी की नाही, हा तुमचा प्रश्न नाही आणि माझाही नाही. ४,८०० डॉलर या वर्षी, या मार्गाने खर्च करावेत का, एवढेच मी पाहतो आणि माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र साधारण ८०० डॉलरचा एक वेगळा मार्ग आहे. तो पुढच्या वर्षी मोकळ्या मनाने घ्यावा असे मला वाटते.

आधी ‘उरलेला’ या शब्दाचा नीट विचार करू. पश्चिमेकडील राज्ये प्रत्येक विभागात किती प्राणी मारू द्यायचे हे ठरवतात आणि तेवढेच टॅग सोडतीने वाटतात. कोलोराडोत एप्रिलमध्ये मुख्य सोडतीचे अर्ज बंद होतात, उन्हाळ्यात दुसरी सोडत होते आणि त्यानंतरही जे राहते ते ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी सकाळी ९ वाजता, तिथल्या वेळेनुसार, ‘प्रथम येईल त्याला’ या तत्त्वावर विकले जाते. पुढे लोकांनी परत केलेले टॅग दर आठवड्याला पुन्हा यादीत येतात. वायोमिंगमध्ये अशीच विक्री जुलैमध्ये सुरू होते. मोंटानात यादीत नाव नोंदवावे लागते, नावांचा क्रम यादृच्छिक लागतो आणि पाळी आली की ठरावीक मुदतीत पैसे भरायचे असतात.

दोन सोडतींतून हजारो लोकांनी चाळून झाल्यावर जे राहिले, ते का राहिले, हा प्रश्न कोणत्याही खरेदीदाराने विचारायला हवा. कारणे बहुधा ठरलेली असतात. टॅग मादीचा असतो आणि बहुतेकांना शिंगांचा नर हवा असतो. हंगामाची तारीख गैरसोयीची असते. विभागात प्राणीच विरळ असतात. किंवा, आणि पैशाच्या दृष्टीने हेच कारण सर्वांत महाग पडते, तिथली जमीन खासगी असते. कोलोराडोचा शिकार-संकेत वाचायला शिकलात तर हे घरबसल्या कळते. पहिले अक्षर प्राण्याचे, दुसरे नर-मादीचे, मधले तीन अंक विभागाचे, त्यानंतर हंगामाचा संकेत आणि शेवटी हत्याराचे अक्षर, अशी त्याची रचना असते. हंगामाच्या संकेतात ‘पी’ असेल, तर तो टॅग केवळ खासगी जमिनीवर चालतो. तुम्ही पाठवलेल्या संकेतात तो ‘पी’ आहे. म्हणजे जमीनमालकाचे १,५०० डॉलर ही ऐच्छिक सोय नसून त्या टॅगच्या किमतीचाच भाग आहे. तो भाग राज्याच्या दरपत्रकात दिसत नाही, म्हणून टॅग स्वस्त वाटतो, इतकेच.

टॅगवर ‘पी’ नसला तरी प्रश्न संपत नाही. वायोमिंग आपल्या यादीत ज्या विभागांत सार्वजनिक प्रवेश अवघड आहे त्यांच्यापुढे खूण करते आणि उरलेल्या यादीत अशा खुणा बऱ्याच असतात. दक्षिण वायोमिंगमध्ये १८६२ च्या कायद्याने रेल्वेला एकाआड एक चौरस मैल जमीन दिली गेली. त्यामुळे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो आणि खासगी चौकोनांनी वेढलेल्या सरकारी चौकोनात अनेकदा फक्त कोपऱ्यातून शिरता येते. मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनजवळ असाच कोपरा ओलांडला. जमीनमालकाने त्यांच्यावर दावा केला आणि २०२५ च्या मार्चमध्ये दहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. निकाल चांगला आहे, पण पहिल्याच वर्षी, व्हिसावर असताना, हद्दीच्या वादात सापडण्याची जोखीम तुम्ही घेऊ नये. वायोमिंगची आणखी एक अट अशी की केंद्राने ‘वाइल्डरनेस’ (जसेच्या तसे राखलेले रान) म्हणून घोषित केलेल्या भागात परराज्यातील माणसाला मार्गदर्शकाशिवाय मोठी शिकार करता येत नाही. नकाशावर हिरवीगार दिसणारी जागा म्हणूनच तुम्हाला फुकट पडत नाही.

आता मांसाचा हिशेब. मादी एल्कपासून हाडे काढून साधारण १५० पौंड मांस मिळते असे धरू. तुमचे ४,८०० डॉलर भागिले १५० म्हणजे पौंडाला ३२ डॉलर होतात आणि त्यात खाटकाचा खर्च धरलेलाच नाही. बंदूक-बूट पुढेही वापरता येतील म्हणून ते वगळले, तरी २१ डॉलर पडतात. हाही हिशेब शिकार मिळाली तर, आणि अनेकांना पहिल्या खेपेला ती मिळत नाही. उरलेले मांस विकून पैसे वसूल करण्याचा विचार कोणी सुचवला तर तो सोडून द्यावा, कारण शिकारीचे मांस विकणे बेकायदा आहे. छंद म्हणून खर्च करायला माझी हरकत नाही, पण बचतीच्या खात्यात त्याची नोंद करू नका.

मी अधिक काळजीने पाहिले ते तुमच्या घराच्या हिशेबाकडे. नोकरी गेली तर एच-१बी धारकाला साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. तुमच्या घरात एकच उत्पन्न आहे आणि ११,००० डॉलर म्हणजे ५,२०० च्या खर्चाने जेमतेम दोन महिने. म्हणजे ती मुदत आणि तुमची शिल्लक आज बरोबरीने संपतात. त्यातून ४,८०० काढले की ६,२०० राहतात आणि ते पाच आठवड्यांत संपतील. नवी नोकरी शोधण्याच्या ऐन काळात भाडे भरायला क्रेडिट कार्ड वापरावे लागेल आणि त्यावर आधीच महिन्याला ७६ डॉलर व्याज जात आहे. दुसरीकडे ४०१(के) मध्ये २ टक्के कमी भरल्याने कंपनीकडून मिळू शकणारे वर्षाला २,१०० डॉलर तुम्ही सोडून देत आहात. ती रक्कम किती वर्षे नोकरी केल्यावर पूर्णपणे तुमची होते हे कंपनीच्या नियमांत तपासा, पण ही भर सोडून एल्कच्या मागे जाणे मला पटत नाही.

म्हणून या वर्षीचा क्रम माझ्या मते असा असावा: पुढच्या पगारापासून ४०१(के) ५ टक्क्यांवर न्यावे, ११,००० पैकी २,००० डॉलर लगेच कार्डावर भरावेत आणि उरलेले १,८०० दरमहा ३०० प्रमाणे फेडावेत. कार्ड मिटले की तेच ३०० डॉलर दुसऱ्या एका खात्यात साठू द्यावेत. शिकारीचा खर्च त्या खात्यातूनच व्हावा आणि राखीव बचतीला हात लागू नये.

रायफलबाबत वेगळे लिहितो, कारण इथे पैसा आणि व्हिसा एकत्र येतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तुमच्यासारख्या नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या वास्तव्याच्या) व्हिसावरील माणसाला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगता येत नाहीत. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हातात असणे हा त्यातला नेहमीचा अपवाद आहे. टेक्सासचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. म्हणजे घरात स्वतःची रायफल ठेवली की दरवर्षी एका दिवसाचीही खंड न पाडता परवाना नवा करणे आले, आणि एखाद्या वर्षी विसरलात तर तो केंद्रीय गुन्हा ठरू शकतो. बंदूक घेतली की हे ओझे वर्षानुवर्षे तुमच्या मानेवर राहते, म्हणून सध्या ती विकत घेऊ नये. मित्राची रायफल सहलीपुरती वापरावी आणि तेही परवाना हातात आल्यावर, तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून. तासाभराच्या सल्ल्याचे शुल्क मी आनंदाने मंजूर करीन.

पॉइंटचे म्हणायचे तर, वायोमिंगमध्ये परराज्यातील माणसाला एल्कचा पॉइंट वर्षाला ५२, हरणाचा ४१ आणि प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याचा ३१ डॉलरला पडतो. मित्र याला गुंतवणूक म्हणतो. पण पॉइंट विकता येत नाही, सलग दोन वर्षे अर्ज वा खरेदी केली नाही तर तो जातो आणि उद्या तुम्ही पुण्याला परतलात तर त्याची किंमत शून्य होते. ग्रीन कार्डाचे चित्र स्पष्ट होईपर्यंत फार तर प्राँगहॉर्नचा ३१ डॉलरचा घ्या, बाकीचे राहू द्या. उरलेला टॅग घेतल्याने तुमचे साठलेले पॉइंट खर्च होत नाहीत, ही त्याची खरी आणि दुर्लक्षित जमेची बाजू आहे.

पुढच्या वर्षासाठी मी जो मार्ग सुचवतो तो म्हणजे वायोमिंगमधील मादी प्राँगहॉर्नचा उरलेला टॅग. परराज्यातील शिकाऱ्यालाही तो ३४ डॉलरला मिळतो आणि संवर्धन शिक्क्याचे २१.५० धरून ५५.५० होतात. प्लेनोहून जाऊन-येऊन दोन हजार मैलांहून थोडा अधिक प्रवास आहे. पेट्रोल आणि मोटेल मित्राबरोबर निम्मे वाटून घेतले, काडतुसे, बूट व नियमाने घालावा लागणारा भडक नारिंगी अंगरखा घेतला आणि मांस कापून बांधून घेतले, तरी ८०० डॉलरच्या आसपास भागते. मांस ३०-३५ पौंडच मिळेल, पण ते गाडीच्या डिकीतील बर्फपेटीत मावते.  १९६६ च्या १ जानेवारीला वा त्यानंतर जन्मलेल्यांना तिथे शिकार-सुरक्षा प्रमाणपत्र लागते, ते या हिवाळ्यात टेक्सासमध्येच करून घ्या. टेक्सासचा २५ डॉलरचा रहिवासी परवाना आणि ४८ डॉलरचा सार्वजनिक जमिनीचा परवाना घेऊन आधी एक हंगाम घराजवळ घालवलात, तर हा छंद आपल्याला मानवतो का हे ७३ डॉलरमध्ये कळेल.

हे टॅग दरवर्षी तितकेच उरतील असे मात्र धरू नका. २०२२-२३ च्या भीषण हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्न फार मोठ्या संख्येने मेले आणि राज्याने टॅग कापले. त्यामुळे विक्रीच्या दिवशी संगणकासमोर बसण्यापूर्वी तीन विभाग आधीच ठरवलेले असावेत. प्रत्येकाचा नकाशा पाहून, रस्त्याने पोचता येणारी सार्वजनिक जमीन किंवा राज्याने शिकाऱ्यांसाठी खुली करून घेतलेली शेते किती आहेत ते टिपून ठेवा. एखादा विभाग खासगी जमिनीवरच अवलंबून असेल, तर टॅगचे पैसे भरण्याआधी जमीनमालकाशी फोनवर बोला, मादीसाठी तो किती घेतो ते विचारा आणि होकार लेखी घ्या. फोन कोणी उचललाच नाही, तर तो विभाग यादीतून खोडा.